मायट्रल रिप्लेसमेंट, पीए प्रेशर जास्त: मिलरिनोन श्वासावाटे द्यायचं तर कधी, किती आणि सर्किटमध्ये कुठून?

चूकभूल_देणेघेणे

मायट्रल स्टेनोसिससाठी झडप बदलणं आणि सोबत ट्रायकस्पिडची दुरुस्ती, अशा केसचं नियोजन विचारतोय. आकडे असे धरा: वजन ५५ किलो, पीए (फुप्फुसाची धमनी) प्रेशर ७८/३३, सरासरी ४८ मिमी पारा, वेज (डाव्या कर्णिकेच्या दाबाचा अंदाज) २६, कार्डियाक आउटपुट मिनिटाला ४.० लिटर, सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) १४, धमनीतला रक्तदाब सरासरी ७२. पीव्हीआर, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा प्रतिकार, (४८ − २६) ÷ ४ = ५.५ वूड युनिट. टीईईवर (अन्ननलिकेतून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीत) उजवं व्हेंट्रिकल फुगलेलं, पण अजून बऱ्यापैकी आकुंचन पावतंय.

प्रश्न असे:

मिलरिनोन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) ५ मिलिग्रॅम नेब्युलाइज करायचं म्हणतात ते पंपावर (हृदय-फुप्फुस यंत्रावर) जाण्याआधी की उतरताना? शिरेतून मिलरिनोन चालू करायचंच असेल तर श्वासावाटे देण्यात वेगळं काय मिळतं?

भुलीच्या मशीनच्या सर्कल सर्किटमध्ये नेब्युलायझर नक्की कुठे बसवायचा? एचएमई (श्वासातली ऊब-ओलावा धरणाऱ्या) फिल्टरचं काय करायचं? जेट (गॅसच्या झोताने धुकं करणारा) आणि मेश (थरथरत्या जाळीतून धुकं करणारा) नेब्युलायझरमध्ये व्यवहारात फरक किती पडतो?

आणि मिलरिनोन पुरत नाही हे ठरवायचं कशावरून? नायट्रिक ऑक्साइड किंवा प्रोस्टासायक्लिनकडे कधी वळायचं?

उजवा_कप्पा

औषधाकडे जाण्याआधी तुमचे आकडे नीट वाचू. वेज २६ म्हणजे दाबाचा मोठा भाग डाव्या बाजूने मागे साचलेला आहे. झडप बदलली की तो भाग उतरेल, त्यासाठी कुठलंही वासोडायलेटर लागत नाही. पण ट्रान्सपल्मोनरी ग्रेडियंट, म्हणजे पीए सरासरी वजा वेज, २२ आहे (१२ च्या वर असला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांकडे संशयाने पाहायचं), आणि पीए डायस्टोलिक ३३ वजा वेज २६ म्हणजे ७. रक्तवाहिन्यांचा स्वतःचा आजारही आहे. तो झडपेबरोबर त्याच दिवशी जाणार नाही. पंपावरून उतरताना तुम्हाला छळणार आहे तो हाच भाग.

दुसरा आकडा मला जास्त खुपतो. धमनीतला सरासरी दाब भागिले पीएचा सरासरी दाब: ७२ ÷ ४८ = १.५. निरोगी माणसात हे गुणोत्तर ४ च्या वर असतं. उजव्या व्हेंट्रिकलला एरवी सिस्टोल आणि डायस्टोल दोन्हींत रक्त मिळतं. आतला सिस्टोलिक दाब ७८ झाला की सिस्टोलमधला पुरवठा जवळपास संपतो. त्यामुळे इथे रक्तदाब पडू न देणं हा पीएचाच उपचार आहे. व्हेसोप्रेसिन ०.०२ ते ०.०४ युनिट प्रति मिनिट इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) आधी सिरिंज पंपात भरून तयार ठेवा, ते फुप्फुसाचा प्रतिकार फारसा न वाढवता बाहेरचा दाब धरतं.

याच मुद्द्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचं उत्तर आहे. शिरेतून दिलेलं मिलरिनोन सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल करतं. त्यातून दोन तोटे होतात. बाहेरचा दाब पडतो, मग नॉरअॅड्रेनलिन वाढवत बसावं लागतं. शिवाय फुप्फुसाचे जे भाग कोलमडलेले आहेत, ज्यांत हवा जात नाही, तिथलेही रक्तमार्ग उघडतात आणि शंट (हवा न भेटता पुढे जाणारं रक्त) वाढून ऑक्सिजन घसरतो. श्वासावाटे दिलेलं औषध जिथे हवा जाते तिथेच पोहोचतं, म्हणून तिथलाच रक्तप्रवाह वाढतो आणि पीएओटू (धमनीतला ऑक्सिजन) उलट सुधारू शकतो. तरीही श्वासातून दिलं म्हणजे शरीरात शोषलं जात नाही असं समजू नका. थोडं शोषलं जातंच. मूत्रपिंड अधू असेल आणि डोस परत परत दिले, तर साठतंही, कारण मिलरिनोनचा बहुतांश भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो.

आता कधी द्यायचं. पूर्ण बायपासवर फुप्फुसातून रक्त जात नाही आणि व्हेंटिलेटरही बंद असतो, त्या काळात नेब्युलाइज करणं म्हणजे औषध वाया घालवणं. उरतात दोन खिडक्या. एक, इंडक्शननंतर आणि पंपाआधी. पंपावर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, थ्रॉम्बॉक्सेन आणि कॉम्प्लिमेंटचा मारा होतो, म्हणून आधीच संरक्षण द्यावं ही त्यामागची कल्पना. डुकरांवरच्या प्रयोगांत श्वासावाटे दिलेल्या मिलरिनोनने हे अस्तर वाचलं, शिरेतून दिलेल्याने नाही. दुसरी खिडकी क्रॉस क्लॅम्प (महाधमनीवरचा चिमटा) निघाल्यानंतरची: हृदय धडधडतंय, फुप्फुसं पुन्हा फुगवली आहेत, परफ्यूजनिस्टने (पंप चालवणाऱ्या तंत्रज्ञाने) हृदयात थोडं रक्त सोडलं आहे, पंप अर्ध्यावर आहे.

पंपाआधीच्या डोसकडून फार अपेक्षा ठेवू नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या बहुकेंद्री चाचणीत पंपाआधी दिलेल्या ५ मिलिग्रॅमने आउटपुट वाढलं, पीएचा सिस्टोलिक दाब उतरला, पण पंपावरून उतरणं सोपं झालं असं दिसलं नाही. माझं मत विचाराल तर अशा केसमध्ये पहिला डोस पंपाआधी द्या, कारण त्यात गमावण्यासारखं फार नाही. दुसरा क्लॅम्प निघाल्यावर, उतरण्याच्या १५ ते २० मिनिटं आधी. एकच देणार असाल तर दुसरा द्या.

वाय_पीस

सर्किटबद्दल लिहितो. माझ्या मते औषध कोणतं यावर जितका वाद होतो त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही लक्ष ते पोहोचतं कसं याकडे दिलं जात नाही.

आधी एचएमई. वाय पीस (दोन्ही नळ्या जिथे मिळतात तो सांधा) आणि ट्यूबच्या मध्ये एचएमई ठेवून नेब्युलायझर त्याच्या मशीनकडच्या बाजूला जोडला, तर सगळं औषध फिल्टरमध्ये अडकतं. रुग्णाला काहीही मिळत नाही, वर फिल्टर भिजून प्रतिकार वाढतो. "मिलरिनोन दिलं, काही फरक पडला नाही" यामागे अनेकदा एवढंच असतं. नेब्युलायझेशन सुरू करण्याआधी एचएमई काढा आणि संपल्यावर परत लावा. लावायला विसरलं तर दोन तासांनी कोरड्या गॅसने घट्ट स्राव होतात, तो वेगळाच उपद्व्याप.

एचएमई काढताना सॅम्पलिंग लाइन सहसा त्याच्याबरोबर निघते. ती कोपऱ्याच्या कनेक्टरवरच्या पोर्टला लावा. साइडस्ट्रीम अॅनालायझर मिनिटाला १५० ते २५० मि.लि. ओढतो, त्याच्यासोबत धुकंही ओढलं जातं आणि वॉटर ट्रॅप भरतो. कॅप्नोग्राफ मध्येच सपाट झाला तर घाबरण्याआधी ट्रॅप बघा.

जागा: इन्स्पिरेटरी नळी, वाय पीसपासून १५ ते ३० सेंटिमीटर मशीनच्या बाजूला, टी जोडून. अगदी वायला चिकटवलात तर एक्स्पिरेशनच्या वेळचं धुकं थेट बाहेरच्या नळीत जातं. थोडं मागे असलं की नळीचा तेवढा तुकडा साठ्याचं काम करतो आणि पुढच्या श्वासाबरोबर साठलेलं आत जातं. नेब्युलायझरची वाटी उभी राहील असं बघा. ड्रेपखाली ती कलंडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आडवी पडलेली जेट वाटी नुसता गॅस फुंकत राहते.

एक्स्पिरेटरी नळी मशीनला जिथे मिळते तिथे फिल्टर हवाच. मिलरिनोनच्या वायलमध्ये डेक्स्ट्रोज असतं, वाळलं की चिकट. तो पाक फ्लो सेन्सर आणि व्हॉल्व्हवर बसू द्यायचा नसेल तर त्याला फिल्टरमध्येच अडवा आणि प्रत्येक डोसनंतर तो फिल्टर बदला. पीक प्रेशर वाढतंय, एक्स्पिरेटरी फ्लो पुढच्या श्वासाआधी शून्यावर येत नाहीये, असं दिसलं की पहिला संशय याच फिल्टरवर. त्यातून साचणारा ऑटो-पीप (छातीत अडकून राहिलेल्या हवेचा दाब) पीव्हीआर वाढवतो. ज्यासाठी औषध दिलं त्याच्या बरोबर उलट.

जेट की मेश. जेटला मिनिटाला ६ ते ८ लिटर वेगळा गॅस लागतो आणि तो सर्किटमध्ये येतो. हिशेब करा: श्वासगती १२, आय-ई (श्वास आत-बाहेरच्या वेळेचं प्रमाण) १:२, म्हणजे इन्स्पिरेशन साधारण १.७ सेकंद. ८ लिटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १३३ मि.लि. मशीनने भरपाई केली नाही तर प्रत्येक श्वासात सव्वादोनशे मि.लि. जास्त जातात. ४५० चा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ६७५ होतो. म्हणून जेट चालू असेपर्यंत सेट व्हॉल्यूम कमी करा किंवा प्रेशर कंट्रोलवर जा, आणि वायजवळ मोजलेल्या व्हॉल्यूमवर विश्वास ठेवा. हाच गॅस सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन पातळ करतो. एंड-टायडल एजंट (उच्छ्वासातलं भूलवायूचं प्रमाण) घसरलं की भूल उथळ, भूल उथळ की पीए प्रेशर वर. प्रोपोफॉल चालू ठेवा.

मेशला वेगळा गॅस लागत नाही, उरणारं औषध ०.२ मि.लि.पेक्षा कमी. जेट वाटीत १ ते १.५ मि.लि. तळाशी राहतंच. कणांचा आकार दोन्हींत १ ते ५ मायक्रॉनच्या पट्ट्यात धरतात, पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात मेशने पोहोचणारं प्रमाण साधारण दुप्पट-तिप्पट भरतं. याचा सरळ अर्थ असा की जेटचे ५ मिलिग्रॅम आणि मेशचे ५ मिलिग्रॅम हा एकच डोस नाही. मेशवर पूर्ण ५ दिले तर रक्तदाबाकडे जास्त लक्ष ठेवा.

डोसचं गणित: ५० ते ८० मायक्रोग्रॅम प्रति किलो. ५५ किलोला २.७५ ते ४.४ मिलिग्रॅम. वायलमध्ये १ मि.लि.ला १ मिलिग्रॅम असतं, पातळ करायचं नाही, ५ मि.लि. थेट वाटीत. जेटमध्ये तळाशी राहणारा एक मि.लि. वजा केला की हिशेब आपोआप जमतो. वेळ १० ते १५ मिनिटं. तेवढा वेळ इन्स्पिरेटरी फ्लो कमी, इन्स्पिरेशन थोडं लांब ठेवा. जोरात आलेला गॅस कणांना नळीच्या वळणांवरच आपटतो.

एक सुरक्षेची गोष्ट. ५ मि.लि. मिलरिनोन भरलेली लुअर लॉक सिरिंज टेबलावर पडून राहू देऊ नका. कोणी ती शिरेतून ढकलली तर या रुग्णाला लोडिंग डोसच्या (५० मायक्रोग्रॅम प्रति किलो, तेही १० मिनिटांत) जवळपास दुप्पट एका झटक्यात गेलं. वायल उघडा, ओढा, लगेच वाटीत रिकामी करा.

परफ्यूजनवाला

वरच्या प्रतिसादांना एक पुरवणी. उतरताना पीए प्रेशर जास्त दिसलं म्हणून लगेच नेब्युलायझर मागवू नका. आधी ट्रान्सड्यूसरची पातळी आणि शून्य तपासा. टेबल वर-खाली केल्यावर पातळी चुकलेली असते. कॅथेटर पंपावर असताना पुढे सरकून वेज झालेला असतो, दोन-तीन सेंटिमीटर मागे घ्यावा लागतो. मग टीईई: नवी झडप नीट उघडतेय का, पान अडकलंय का, कडेने गळती आहे का. मायट्रलचं पुढचं पान राखलं असेल तर डाव्या व्हेंट्रिकलच्या बाहेरच्या वाटेत अडथळा आहे का. अशा अडथळ्यात मिलरिनोन कुठल्याही मार्गाने दिलं तरी स्थिती बिघडते.

आणि उजव्या करोनरीत गेलेली हवा. डावं कर्णिक उघडलेल्या प्रत्येक केसमध्ये हा धोका आहे, उजव्या करोनरीचं मुख पुढच्या बाजूला असल्याने बुडबुडे तिथेच चढतात. अचानक उजवं व्हेंट्रिकल फुगून लुळं, ईसीजीच्या लीड दोन, तीन, एव्हीएफमध्ये एसटी वर. इथे पीव्हीआरचा काही संबंध नाही. परत पूर्ण फ्लोवर जायचं, सरासरी दाब ८० ते ९० वर नेऊन १०–१५ मिनिटं थांबायचं, हवा पुढे ढकलली जाते.

चूकभूल_देणेघेणे

फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. मिलरिनोन दिल्यावर परिणाम मोजायचा कधी आणि कशावर? पीए प्रेशर ४८ वरून ३० झालं तर यश म्हणायचं का? आणि नायट्रिकचा भाग कोणी लिहिला नाही.

उजवा_कप्पा

नुसतं ३० झालं म्हणून नाही. दाब दोन कारणांनी उतरतो: प्रतिकार कमी झाला, किंवा उजवं व्हेंट्रिकल ढकलायचं थांबलं. पीए ४८ वरून ३०, सीव्हीपी १४ वरून २२, आउटपुट २.४, हे अपयश आहे आणि मॉनिटरवर ते गोंडस दिसतं. उलटही होतं: आउटपुट ४ वरून ५.५ झालं, वेज १६, पीए सरासरी ३४. पीव्हीआर (३४ − १६) ÷ ५.५ = ३.३. दाब अजून चढाच वाटतो, पण प्रतिकार बराच उतरला आहे. त्यामुळे पीए, सीव्हीपी, वेज, आउटपुट आणि धमनीतला दाब हे पाचही एकाच वेळी लिहून काढा. डोस संपल्यावर ५ मिनिटांनी एकदा आणि १५–२० मिनिटांनी एकदा. श्वासावाटे दिलेल्या मिलरिनोनचा फुप्फुसातला परिणाम साधारण अर्ध्या तासात ओसरू लागतो, म्हणून तासाभराने मोजून "काम झालं नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

टीईईवर सेप्टम बघा. सिस्टोलमध्ये सपाट असेल तर दाबाचा भार, डायस्टोलमध्ये सपाट असेल तर आकारमानाचा. दुसऱ्या प्रकारात आणखी सलाइन देणं घातक.

आणि हे सगळं करताना साध्या गोष्टी सुटू देऊ नका: पीएसीओटू ३०–३५, पीएच ७.४ च्या आसपास किंवा किंचित वर, तापमान ३६ च्या वर, पीप (उच्छ्वासाच्या शेवटी राखलेला दाब) ५ च्या आसपास. फुप्फुस कोलमडलं तरी पीव्हीआर वाढतो, अति फुगवलं तरी वाढतो. सीओटू ५५ आणि पीएच ७.२२ ठेवून कुठलंही श्वासावाटेचं औषध चालवून बघा, हरणार.

प्रोटामिनची (हेपरिनचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाची) वेळ वेगळी सांगतो. या रुग्णांमध्ये ते १० ते १५ मिनिटांत हळू द्या. थ्रॉम्बॉक्सेनमुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जाण्याची प्रतिक्रिया सुरुवातीच्या काही मिनिटांतच दिसते: पीए वर, उजवं व्हेंट्रिकल फुगलेलं, बाहेरचा दाब खाली, डावं व्हेंट्रिकल रिकामं. प्रोटामिन लगेच बंद. रुग्ण सावरत नसेल तर हेपरिन देऊन परत पंपावर. म्हणून कॅन्युला काढण्याची घाई नको.

नॉक्स_बॉक्स

नायट्रिकबद्दल.

मिलरिनोनचा डोस आणि वरच्या साध्या गोष्टी करून १५–२० मिनिटांनी पीव्हीआर जेमतेम हलला असेल, किंवा हलला पण उजवं व्हेंट्रिकल अजून फुगलेलंच असेल, तर तिसऱ्यांदा मिलरिनोन भरत बसू नका. मिलरिनोन पीडीई-३ अडवून सीएएमपी वाढवतं, नायट्रिक ग्वानिलेट सायक्लेजमधून सीजीएमपी वाढवतं. वाटा वेगळ्या असल्याने परिणाम एकमेकांवर चढतो.

२० पीपीएमने सुरू करा. ५–१० मिनिटांत उत्तर कळतं. ४० पर्यंत नेऊन बघता येतं, पण २० ला जो हलला नाही तो ४० ला क्वचितच हलतो, आणि मेथेमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) मात्र वाढतं. एलव्हीएडी (डाव्या व्हेंट्रिकलला मदत करणारा पंप) बसवलेल्या रुग्णांत ४० पीपीएम देऊन केलेली चाचणी २०११ मध्ये आली, त्यातही उजव्या बाजूच्या बिघाडात लक्षणीय फरक सिद्ध झाला नाही. सरसकट प्रत्येकाला लावण्याचं औषध हे नव्हे. युरोपात हृदयशस्त्रक्रियेच्या काळातल्या पल्मोनरी हायपरटेन्शनसाठी त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत १९९९ पासूनची मान्यता नवजात बाळांच्या श्वसनविकारासाठी आहे, प्रौढ हृदयरुग्णांत वापरणं तिथे लेबलबाहेरचं. श्वासावाटे मिलरिनोन आणि इपोप्रोस्टेनॉल (म्हणजेच प्रोस्टासायक्लिन) ही दोन्हीही लेबलबाहेरचीच, हे संमतीपत्र लिहिताना ध्यानात ठेवा.

प्रवाहाचं गणित: सिलिंडर ८०० पीपीएमचा, सर्किटमधला गॅस मिनिटाला ८ लिटर, हवे असलेले २० पीपीएम. (२० × ८) ÷ (८०० − २०) = ०.२०५ लिटर प्रति मिनिट. श्वासाच्या प्रवाहाप्रमाणे आपोआप सोडणारं यंत्र असेल तर हे हाताने करावं लागत नाही, पण यंत्र बंद पडलं तर हा आकडा पाठ हवा. सिलिंडरमधला बाकीचा गॅस नायट्रोजन असल्याने २० पीपीएमला ऑक्सिजन अडीच टक्क्यांनी पातळ होतो. सेट १००% असला तरी पोहोचतो ९७.५%.

भुलीच्या मशीनवर मोठी चूक होते ती लो फ्लोची (ताजा गॅस कमी ठेवण्याची). सर्कलमध्ये सोडलेला गॅस परत फिरतो, मग नायट्रिक आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोन्हींचे आकडे भरकटतात. नायट्रिक चालू असेपर्यंत फ्रेश गॅस फ्लो मिनिट व्हेंटिलेशनइतका किंवा त्याहून जास्त ठेवा. इंजेक्शनची जागा इन्स्पिरेटरी नळीत मशीनजवळ, आणि नमुना वायपासून साधारण १५ सेंटिमीटर अलीकडून, म्हणजे मिसळून झालेला गॅस मोजला जातो. इंजेक्शनच्या शेजारीच सॅम्पल घेतलात तर आकडा नाचत राहतो.

नायट्रोजन डायऑक्साइड २ पीपीएमच्या आत, शक्यतो १ च्या आत ठेवा. तो ऑक्सिजनच्या प्रमाणात आणि नायट्रिकच्या वर्गाच्या प्रमाणात बनतो. म्हणजे २० चे ४० केले तर तयार होण्याचा वेग चौपट. सर्किटमध्ये साठून राहिलेला गॅस म्हणून धोक्याचा. आयसीयूत नेताना नायट्रिक जोडलेली हाताची बॅग रुग्णाला लावण्याआधी चार-पाच वेळा पूर्ण दाबून रिकामी करा.

मेथेमोग्लोबिन सुरू केल्यावर पहिल्या काही तासांत आणि मग रोज निदान एकदा, को-ऑक्सिमीटरवर. पल्स ऑक्सिमीटर यात फसतो, प्रमाण वाढत गेलं की तो ८५ च्या आसपास अडकतो. ५% च्या वर गेलं तर डोस उतरवा.

डावं व्हेंट्रिकल कमकुवत असेल किंवा मायट्रलचा अडथळा अजून काढलेला नसेल तर जपून. उजवीकडून एकदम जास्त रक्त आलं की डाव्या बाजूचा दाब चढतो आणि फुप्फुसात पाणी. तुमच्या केसमध्ये म्हणूनच झडप बदलण्याआधी नायट्रिकला हात लावू नका. पंपाआधीचं मिलरिनोनही जपूनच. वेज आधीच २६ आहे, डोस चालू असताना वेज वर सरकला किंवा ट्यूबमधून फेस आला तर तिथेच थांबवा.

वाय_पीस

नायट्रिक उपलब्ध नसेल तर इपोप्रोस्टेनॉल. फुप्फुस प्रत्यारोपणात दोन्हींची थेट तुलना करणाऱ्या २०२२ च्या चाचणीत प्रत्यारोपित फुप्फुसाच्या गंभीर बिघाडाचं प्रमाण सारखंच निघालं. रुग्ण वेगळे असले तरी त्यामुळे मी त्याला दुय्यम पर्याय म्हणत नाही.

१.५ मिलिग्रॅम त्याच्यासोबत आलेल्या द्रावकात ५० मि.लि. करा, म्हणजे मि.लि.ला ३०,००० नॅनोग्रॅम. सुरुवात ५० नॅनोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट: ५५ × ५० × ६० = १,६५,००० नॅनोग्रॅम तासाला, म्हणजे ५.५ मि.लि. प्रति तास, सिरिंज पंपातून मेश नेब्युलायझरमध्ये. सतत ठिबक देणाऱ्या मेश संचाची मर्यादा साधारण तासाला १२ मि.लि. असते. वजनदार रुग्णात द्रावण फार पातळ केलं तर ती ओलांडली जाते, वाटी भरून औषध सर्किटमध्ये सांडतं.

नळी आधी औषधाने भरून घ्या. ५.५ मि.लि. तासाच्या वेगाने रिकामी नळी भरायला बराच वेळ जातो आणि तोवर रुग्णाला काहीच मिळत नसतं. अर्धायुष्य साधारण सहा मिनिटांचं. सिरिंज संपली, मेशची केबल निघाली, की काही मिनिटांत पीए उसळतो. दुसरी सिरिंज आणि दुसरा मेश हाताशी हवाच.

द्रावकात ग्लायसिन असतं, पीएच १० च्या वर. एक्स्पिरेटरी व्हॉल्व्हवर त्याचा थर बसतो, त्यामुळे फिल्टर दर दोन ते चार तासांनी बदला. मिलरिनोनच्या एका डोसला एक फिल्टर पुरतो म्हणून इथेही पुरेल असं नाही.

सगळ्यात वाईट चूक मार्गाची. ही सिरिंज इतर आठ-दहा पंपांच्या रांगेत बसते. तिची नळी चुकून सेंट्रल लाइनला लागली तर ५० नॅनोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट शिरेतून, आणि शिरेतली सुरुवात असते २ ने. पंचवीसपट. तिचा पंप वेगळ्या स्टँडवर, व्हेंटिलेटरच्या बाजूला लावा. नळीच्या दोन्ही टोकांना "फक्त श्वासावाटे" लेबल.

प्लेटलेट्सचं चिकटणं प्रोस्टासायक्लिन थोडं कमी करतं. ड्रेन जास्त वाहत असेल तर हे यादीत असू द्या, पण शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावाचं खापर लगेच त्याच्यावर फोडू नका.

परफ्यूजनवाला

आयलोप्रोस्ट (प्रोस्टासायक्लिनच्याच जातीचं औषध) राहिलं. १० ते २० मायक्रोग्रॅम एकदाच, १०–२० मिनिटांत, परिणाम अर्धा ते एक तास टिकतो. सतत ठिबकाची भानगड नाही. जिथे मेश आणि सिरिंज पंपाची जोडणी रात्री सांभाळणारं कोणी नसतं तिथे हे सोयीचं.

चूकभूल_देणेघेणे

आयसीयूत गेल्यावर नायट्रिक उतरवायचं कसं? आणि व्हासोप्लेजिया (रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळणं) झाला तर मिथिलीन ब्लू चालेल का?

नॉक्स_बॉक्स

उतरवायला सुरुवात करण्याआधी: ऑक्सिजन ५०–६०% वर स्थिर, सीव्हीपी आणि आउटपुट चार तास तरी न बदललेले. मग २० वरून १०, ५, ३, २, १. प्रत्येक पायरीवर ३० ते ६० मिनिटं. वरच्या पायऱ्या सहज जातात, अडचण ५ च्या खाली येते. बाहेरून नायट्रिक मिळत राहिल्याने शरीराचं स्वतःचं उत्पादन मंदावलेलं असतं, त्यामुळे ५ वरून एकदम शून्य केलं तर पीए आधीच्यापेक्षाही वर उसळू शकतो. १ वर तासभर थांबा, ऑक्सिजन १०–२० टक्क्यांनी वाढवा, मग बंद करा. बंद केल्यावर अर्धा तास बेडजवळून हलू नका. पीए उसळला तर चर्चा न करता परत ५ वर, आणि पुन्हा प्रयत्न दुसऱ्या दिवशी. दोनदा अडलं तर बंद करण्याच्या तासभर आधी सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम नळीतून. पीडीई-५ अडल्याने असलेला सीजीएमपी टिकतो. रक्तदाब त्याने पडू शकतो, व्हेसोप्रेसिन आधीच बंद करून बसू नका.

सक्शनसाठी सर्किट सुटणं हेही बंद करणंच आहे. बंद सक्शन कॅथेटर वापरा. उघडं करावंच लागलं तर ते काही सेकंदांत उरका.

मिथिलीन ब्लूबद्दल: ते ग्वानिलेट सायक्लेजच अडवतं, म्हणजे नायट्रिक जिथे काम करतं नेमकं तिथे. फुप्फुसाचा प्रतिकार त्याने वाढतो. उजव्या व्हेंट्रिकलची अडचण असलेल्या रुग्णात व्हासोप्लेजियासाठी आधी व्हेसोप्रेसिन आणि नॉरअॅड्रेनलिन पुरेसं वापरा. मेथेमोग्लोबिनसाठी मिथिलीन ब्लू १ ते २ मिलिग्रॅम प्रति किलो हा उपचार खरा आहे, पण नायट्रिकमुळे वाढलेल्या मेथेमोग्लोबिनसाठी बहुतेक वेळा नायट्रिकचा डोस उतरवणं पुरतं. द्यायचंच ठरलं तर पीए कॅथेटर अजून आत आहे ना ते बघून, हळू. आणि दिल्यावर काही मिनिटं पल्स ऑक्सिमीटर खोटं कमी दाखवेल, एबीजीवरच (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीवर) विश्वास ठेवा.

वाय_पीस

आयसीयूतल्या व्हेंटिलेटरबद्दल एक ओळ राहिली. तिथे गरम ह्युमिडिफायर असतो आणि श्वासांच्या मधेही थोडा गॅस वाहत असतो. म्हणून मेश वायजवळ न लावता ह्युमिडिफायरच्या कोरड्या बाजूला, म्हणजे व्हेंटिलेटरकडे लावला तर जास्त औषध पोहोचतं. ओटीत जी जागा बरोबर होती तीच तिथे चालवू नका. ह्युमिडिफायर नेब्युलायझेशनसाठी बंद करायची गरज नाही. वायजवळ हॉट वायर फ्लो सेन्सर असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर तासाभरात टायडल व्हॉल्यूमचे आकडे निरर्थक येतील.